काडीवरचे थंड स्टार्टर मे महिन्यात संध्याकाळपर्यंत का बिघडतात: एकेक कारण तपासून काढा

नागपुरात एप्रिल संपत आला की घरगुती कार्यक्रम संध्याकाळी सातच्या पुढे सरकतात. साखरपुडा, पहिला वाढदिवस, मुंजीआधीचं केळवण, सगळं एकतर गच्चीवर नाहीतर कूलर लावलेल्या हॉलमध्ये. उन्हातून आलेल्या पाहुण्यांना तळलेलं नको असतं, म्हणून पनीर, काकडी, टरबूज, पाटवडी असे थंड तुकडे काडीला टोचून ठेवतात. सकाळीच करून ठेवले की संध्याकाळी धावपळ नको, हा त्यामागचा हिशेब. आणि दुपारी चारच्या सुमाराला फोन येतो: ‘अहो, सकाळी किती छान दिसत होत्या काड्या, आता ताटात पाणीच पाणी झालंय नं. पनीर गुलाबी पडलंय. काय करू?’

आमच्या भागातल्या कार्यक्रमांना स्टार्टरचं काम बरीच वर्षं माझ्याकडे येतं, त्यामुळे हा बिघाड मी कितीतरी घरांत निस्तरला आहे. कारणं मोजकीच असतात आणि त्यातली अर्धी एक पैसा खर्च न करता दूर होतात. म्हणून तपासणी स्वस्तापासून सुरू करा. फ्रिजच्या मेकॅनिकला फोन लावण्याआधी मिठाचा डबा बघा.

लक्षणं

बिघाड नेमका कसा आहे ते आधी पाहा, कारण दिसायला सारख्या वाटणाऱ्या गोष्टींची कारणं वेगळी असतात.

ताटाच्या तळाशी पाणी साचलंय, काकडी वाकतेय, टरबुजाजवळचं पनीर गुलाबी झालंय. काड्या फ्रिजमध्येच असतील आणि वास स्वच्छ असेल तर त्या पाण्यात बोट बुडवून चाखा. खारट लागलं तर खालची पहिली तपासणी, मिठाची. टरबुजासारखं गोडसर लागलं तर दुसरी आणि तिसरी, कोरडेपणाची आणि शेजाराची. अगदी फिकं, नळाच्या पाण्यासारखं लागलं तर ते धुतल्याचं पाणी आहे किंवा हवेतून आलेलं दव आहे.

तुकडा काडीवर गरगर फिरतो, खाली घसरतो, किंवा टोचतानाच दुभंगतो. हा काडीचा आणि कापण्याचा प्रश्न.

पनीरच्या कडा पिवळट आणि रबरासारख्या झाल्यात, काकडीच्या कापलेल्या बाजूवर पांढुरकी सुरकुती आली आहे. ही उघड्या हवेची करामत.

पनीर कडसर लागतंय आणि दाबलं की लगदा होतंय, किंवा पुदिना काळा पडलाय. शेजार चुकलाय.

आंबूस वास, बोटाला चिकट तार, फळाच्या रसात बारीक बुडबुडे. हे दिसलं की पुढची एकही तपासणी करू नका, ताट टाकून द्या. धुऊन, तव्यावर परतून, वरून मसाला मारून ते वाचवायचं नाही. अन्नात वाढणाऱ्या काही जंतूंची विषं उकळूनही नष्ट होत नाहीत. आणि वास आला नाही म्हणून पदार्थ चांगलाच आहे असंही धरू नका. पोट बिघडवणारे बरेच जंतू वास न येऊ देता वाढतात. तिथे घड्याळच बघावं लागतं. त्याबद्दल खाली सविस्तर आहे.

मीठ कधी पडलं?

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हेच. काकडीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं, टमाटरात जवळजवळ तेवढंच, टरबुजात ९२ टक्क्यांच्या आसपास. कापलेल्या तुकड्यावर मीठ पडलं की ते आतलं पाणी बाहेर ओढतं. कोशिंबिरीला मीठ लावून ठेवल्यावर जे होतं तेच काडीवर होतं, आणि पाणी सुटायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. सकाळी दहाला चाट मसाला भुरभुरवला तर संध्याकाळी सातपर्यंत काय उरेल, विचार करा.

‘मी मीठ घातलंच नाही’ असं बरेच जण म्हणतात. चाट मसाल्यात मीठ असतं. काळं मीठ, सैंधव ही मीठंच. बाजारच्या पुदिना-जलजिरा पुडीतही असतं. फळांवर पिठीसाखर किंवा मध टाकला तरी तोच परिणाम होतो. निंबू पिळल्यानंही तुकडे मऊ पडतात.

उपाय: काड्या कोऱ्या टोचा. मसाला ताट बाहेर नेण्याच्या क्षणी वरून भुरभुरवा, किंवा त्याहून बरं, एका वाटीत शेजारी ठेवा. चव आतपर्यंत मुरलेली हवी असेल तर ती पनीरमध्ये मुरवा. पनीरचे चौकोन रात्री मीठ घातलेल्या कोमट पाण्यात टाका, पाणी गार झालं की झाकून फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी निथळून कोरडे करा. काकडी आणि फळं मात्र मोकळी राहू द्या.

खात्री नसेल तर कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधी तीन काड्या करून बघा. एकीवर मसाला, दुसरी कोरी, तिसरी कोरी आणि प्रत्येक तुकडा पुसलेला. तीन वेगळ्या वाट्यांत दोन तास फ्रिजमध्ये ठेवा आणि वाट्यांचे तळ पाहा. तुमच्या घरातल्या बिघाडाचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं, आणि वाया गेला तर पनीरचा एखादा तुकडा.

आणि दुपारी चारला पाणी सुटलेलं आढळलंच तर? काड्या तोवर फ्रिजमध्येच असतील आणि वास स्वच्छ असेल, तर तुकडे काढून मलमलच्या कापडावर पसरा. पनीर पुसून कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी मिनिटभर परता, पूर्ण गार करा, परत टोचा. मऊ पडलेली काकडी आता काडीवर उभी राहत नाही. ती लगेच दह्यातल्या कोशिंबिरीत घाला आणि नवी काकडी कापा.

तुकडे कोरडे होते का?

भाजी-फळ धुऊन तशीच कापली की चिकटून आलेलं पाणी ताटातच जातं. धुतल्यावर चाळणीत निथळू द्या, मग सुती कापडानं पुसा, मग कापा. कापल्यावर पुन्हा एकदा पुसा. काम कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय मला सापडलेला नाही.

काकडीतलं सहज सुटणारं पाणी मधल्या बियांच्या गरात जास्त असतं. काकडी उभी चिरून चमच्यानं गर खरवडून काढला की उरलेला भाग तासन् तास करकरीत राहतो. टमाटराचंही तसंच: पिकलेला पण कडक टमाटर घ्या, चार फाका करा, बिया आणि रस काढून फक्त जाड साल-गर टोचा. छोटे चेरी टमाटर मिळाले तर अख्खे टोचता येतात, पण टोचल्या जागेतून रस गळतोच, म्हणून ते शेवटी.

पनीरकडे जास्त लक्ष द्या. डेअरीतलं सुटं पनीर पाण्यात ठेवलेलं असतं, ते पाणी त्यानं पिऊन घेतलेलं असतं. कापडात गुंडाळून, वर पाण्यानं भरलेलं पातेलं ठेवून, फ्रिजमध्येच अर्धा तास दाबा. मग साधारण दोन सेंटिमीटरचे चौकोन पाडा. याहून लहान तुकडे काडी जाताना फुटतात, मोठे एका घासात मावत नाहीत. कापलेले तुकडे तव्यावर हलकेच परतले तर बाहेरून पातळ कातडी धरते, आतला ओलावा कमी गळतो आणि काडीवर पकड येते. मात्र गरम तुकडा टोचू नका. त्याची वाफ शेजारच्या काकडीवर बसते आणि डब्याच्या झाकणाला पाणी सुटतं.

शेजारी कोण बसलंय?

ताजं, न भाजलेलं अननस आणि पनीर एका काडीवर सकाळी टोचू नका. अननसात ब्रोमेलिन नावाचं विकर असतं, कच्च्या पपईत पपेन, किवीत ॲक्टिनिडिन. ही विकरं दुधातली प्रथिनं तोडतात. परिणाम तुम्ही पाहिला असेल: पनीर पिठूळ होतं आणि चव कडवट येते. अननस हवंच असेल तर त्याचे तुकडे आधी तव्यावर नीट गरम होईपर्यंत भाजा, उष्णतेनं ब्रोमेलिन निकामी होतं. बाजारातलं डबाबंद अननस आधीच शिजवलेलं असतं, तेही चालतं.

मे महिन्यात माझी निवड अननसाऐवजी बैगनफल्ली आंब्याची असते. कडक-पिकलेला घेतला तर चौकोन सुंदर पडतात, रस आवरून राहतो. ‘नागपूरचं आहे तर संत्रा हवाच’ असा आग्रह काही यजमान धरतात. अंबिया बहाराची संत्री हिवाळ्याच्या तोंडाशी येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. मे महिन्यात जी दिसतात ती साठवणीतली असतात. शिवाय फोडीला काडी टोचली की रस गळणारच. संत्र्याचा रस थंड करून ग्लासात द्या.

पुदिन्याचं पान काडीत सकाळपासून दाबून राहिलं की चेपलेल्या जागी काळं पडतं. पानं अख्खी खुडून ओल्या कापडात, डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा आणि अगदी शेवटी टोचा. पुदिना-सांबाराच्या (सांबार म्हणजे कोथिंबीर) चटणीत निंबू आदल्या दिवशी पिळलं तर आंबटपणानं हिरवा रंग काही तासांत शेवाळी होतो. चटणी बर्फाच्या पाण्यात वाटा, निंबू वाढताना. ती पातळ होऊन काडीवरून ओघळत असेल तर वाटताना मूठभर फुटाण्याची डाळ घाला.

टोचण्याचा क्रमही पाहा. उभ्या काड्यांवर रसाळ फळ सगळ्यात खाली आणि पनीर वर, म्हणजे रस पनीरवर उतरत नाही. आडव्या ठेवायच्या असतील तर टरबूज आणि पनीर यांच्यामध्ये काकडीची चकती येऊ द्या. काड्या उभ्या करायला कोबीचा घट्ट गड्डा तळाशी कापून पालथा घातला की पुरतो.

झाकण आणि हवा

ही तपासणी नागपूरसाठी खास आहे, आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. एकाच घरातल्या, एकाच वेळी केलेल्या काड्या गच्चीवर वाळतात आणि हॉलमध्ये ओल्या होतात. लोक मग पनीरला दोष देतात.

मे महिन्यातली इथली हवा फार कोरडी असते. उघडं ताट पंख्याखाली ठेवलं की पनीरच्या कडा बघता बघता कडक होतात. हॉलमध्ये कूलर चालू असेल तर हवा गार पण दमट असते. फ्रिजमधून निघालेली चार-पाच अंशांची काडी त्या दमट हवेत आली की तिच्यावर दव धरतं, अगदी थंड पाण्याच्या तांब्याला घाम फुटतो तसं. ते पाणी आतून आलेलं नसतं, म्हणून चाखलं तर फिकं लागतं.

गच्चीसाठी: काड्या झाकलेल्याच वर न्या, ताटावर पिळून घेतलेलं मलमल टाका, थोड्या थोड्या काड्या बाहेर काढा. हॉलसाठी: ताट कूलरच्या झोतातून बाजूला ठेवा, ताटात काड्यांखाली कोरडा कागदी नॅपकिन अंथरा आणि इथेही लहान लहान खेपा करा. दोन्हीकडे एकच मोठी परात सजवून मधोमध ठेवायचा मोह आवरा. छायाचित्रात ती शोभते, पण अर्ध्या काड्या कोणी हात लावायच्या आतच उतरलेल्या असतात.

ओल्या मलमलनं ताट थोडं गार राहतं, पण त्याला फ्रिजचा पर्याय समजू नका. बाष्पीभवनानं मिळणारा गारवा वीस-पंचवीस अंशांच्या आसपास थांबतो. जंतूंना वाढायला तेवढं तापमान मानवतं.

काडी

आता काही रुपये खर्च होतील. गोल, गुळगुळीत, बारीक बांबूच्या काडीवर तुकडा फिरतोच. चपटी काडी घ्या. किराणा किंवा डिस्पोजेबल सामानाच्या दुकानात मिळते, इतवारीत घाऊक पाकिटं स्वस्त पडतात. चपटी मिळाली नाही तर दोन बारीक काड्या समांतर टोचा. काडी पनीरच्या कडेजवळ नको, बरोबर मध्यातून आणि हळूहळू फिरवत टोचा. एका दमात दाबली की फूट पडते.

लहान मुलं असतील तर टोकदार लांब काड्या वापरू नका, बोथट टोकाच्या आखूड काड्या घ्या आणि मुलांना बसवून खायला द्या. एकदा वापरलेली बांबूची काडी धुऊन पुन्हा वापरायची नाही, तिच्या तंतूंत अन्न अडकून राहतं.

काडी अर्धा तास पाण्यात भिजवायची ती भाजायच्या पदार्थांसाठी, म्हणजे ती जळत नाही. थंड काड्यांना भिजवण्याची गरज नाही, उलट तेवढं पाणी आपण ताटात आणतो. पनीर टिक्का आधी करून ठेवणार असाल तर चक्क्यात मसाला, भाजलेलं बेसन आणि मीठ कालवून तो लेप फक्त पनीरला लावा. शिमला मिरची आणि कांद्याला नुसतं तेल. हे वेगवेगळ्या डब्यांत रात्रभर फ्रिजमध्ये छान राहतं, आणि टोचून भाजायचं पाहुणे आल्यावर. लेप ओघळत असेल तर दही पुरेसं टांगलं गेलेलं नाही, दुसरं कारण शोधू नका.

खरेदी कुठून, किती वाजता?

कॉटन मार्केटला पहाटे गेलात तर काकडी थंड आणि कडक मिळते. तीच काकडी दुपारी हातगाडीवर उन्हात उभी राहिल्यावर आतून नरम झालेली असते; घरी आणून कितीही गार केली तरी करकरीतपणा परत येत नाही. संध्याकाळीच जमत असेल तर गोकुळपेठच्या बाजारात सावलीतल्या दुकानातून घ्या, दाबून, वाकवून बघून.

टरबूज अख्खंच घ्या, कापलेली फाक नको. घरी आणल्यावर बाहेरून खसखसून धुवा. साल आपण खात नाही हे खरं, पण तिच्यावरची माती आणि जंतू सुरीबरोबर गरात जातात. टरबूज-खरबुजात आंबटपणा कमी असतो, म्हणून कापल्यानंतर त्यांत जंतू सहज वाढतात. कापलेलं टरबूज फ्रिजबाहेर ठेवायचं नाही, टोचलेलं तर नाहीच.

पनीर शेवटी घ्या, थंड पाण्याची बाटली किंवा बर्फाची पिशवी सोबत ठेवून सरळ घरी या. दुचाकीच्या डिकीत पनीर ठेवून आणखी दोन कामं आटपायची नाहीत. उन्हात डिकी भट्टीसारखी तापते. पिशवी उघडल्यावर पनीर आंबूस वाटलं किंवा बोटाला बुळबुळीत लागलं तर त्याच दिवशी परत करा.

पहिल्यांदाच करणाऱ्यांना मी पनीर-फळांऐवजी पाटवडी सुचवते. एक वाटी बेसनाला दीड वाटी पाणी, लसूण-अद्रक-मिरचीचं वाटण, हळद, मीठ, आणि झाऱ्याला चिकटेनासं होईपर्यंत शिजवायचं. तेल लावलेल्या ताटात थापून वर खसखस, सुकं खोबरं, सांबार. शिजताना बेसन सगळं पाणी धरून ठेवतं, म्हणून ही काडी ताटात पाणी सोडत नाही, मीठ आत असूनही. पूर्ण गार झाल्यावरच कापा आणि टोचा, कोमट असताना चिरते. ओलं खोबरं घालू नका, ते लवकर आंबतं. पाटवडीसुद्धा फ्रिजमध्येच ठेवायची.

वेळेचा हिशेब

एवढं सगळं बरोबर असून काड्या बिघडत असतील तर बिघाड घड्याळात आहे.

जंतू पाच ते साठ अंश सेल्सिअस या पट्ट्यात वाढतात. थंड पदार्थ पाच अंशांच्या खाली आणि गरम पदार्थ साठच्या वर ठेवायचा, असं अन्नसुरक्षेचं गणित आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याचा घरगुती नियम सांगतो की नाशवंत पदार्थ फ्रिजबाहेर दोन तासांपर्यंत, आणि भोवतालचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर फक्त एक तास. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. २३ मे २०१३ ला तर इथे ४७.९ अंश नोंदले गेले. मेअखेरीला, नवतप्यात (सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत), सूर्य पावणेसातच्या पुढे मावळतो आणि गच्चीचा स्लॅब त्यानंतरही बराच वेळ उष्णता सोडत राहतो. तेव्हा आपल्यासाठी नियम एक तासाचाच. त्यात कापताना, टोचताना ओट्यावर गेलेला वेळही धरायचा, हे लोक विसरतात. चाळीस अंशांच्या स्वयंपाकघरात शंभर काड्या निवांत गप्पा मारत टोचल्या, तर निम्मा तास तिथेच संपला.

सातच्या कार्यक्रमासाठी माझं वेळापत्रक असं असतं. आदल्या रात्री पनीर मुरवणं, पाटवडी थापणं, चटणी निंबाशिवाय वाटणं, अख्खं टरबूज धुऊन फ्रिजमध्ये. सकाळी ऊन चढायच्या आत पनीर परतून गार करणं, काकडीचा गर काढणं. प्रत्येक जिन्नस वेगळ्या डब्यात, तळाशी कोरडं कापड घालून, फ्रिजमध्ये. साडेचारला टरबूज आणि आंबा कापणं. पाच ते सहा टोचणं, आणि तेही वीस-पंचवीस काड्यांच्या खेपांत: एक डबा बाहेर, टोचून झालं की आत, मग पुढचा. वाढायच्या पाच मिनिटं आधी पुदिना, वाढताना मसाला.

म्हणजे ‘आधी करून ठेवलेलं’ यातलं नव्वद टक्के काम आधीच होतं, टोचणं तेवढं उशिरा. हातांना दोन माणसं जास्त लागली तरी चालतील, पण सकाळी टोचलेल्या काड्या संध्याकाळी वाढायचा हट्ट सोडा. ताटात उरलेल्या, तासभर बाहेर राहिलेल्या काड्या परत फ्रिजमध्ये ठेवायच्या नाहीत. त्या ताज्या काड्यांत मिसळल्या की कोणती किती वेळ बाहेर होती याचा पत्ता लागत नाही.

फ्रिज खरंच थंड आहे का?

इथून पुढे खर्च आणि खटपट दोन्ही वाढतात.

साधा थर्मामीटर, फ्रिजसाठी मिळतो तो, घ्या. तापाचा नको. पाण्याच्या पेल्यात उभा करून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडताच वाचा. चार-पाच अंश दिसले तर ठीक. आठ-दहा दिसले तर आपण काड्या सुरक्षित ठेवतोय हा समज चुकीचा होता. हीच नोंद दुपारी तीनला पुन्हा घ्या, कारण मे महिन्यात बरेच फ्रिज सकाळी पास होतात आणि दुपारी नापास.

मग क्रमानं पाहा. नॉब हिवाळ्यातल्या आकड्यावरच राहिलाय का? दाराच्या रबरात कागद अडकवून दार लावा आणि ओढा. सहज निघाला तर रबर सैल आहे, कोमट पाण्यानं पुसून बघा, तरी नाही भागलं तर बदलावं लागेल. फ्रिज भिंतीला टेकलाय का? मागे चार-सहा इंच मोकळी जागा लागते, आत ओढलेली उष्णता तिथूनच बाहेर पडते. मागच्या जाळीवर धूळ असेल तर प्लग काढून ब्रशनं झाडा. एकदारी फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात बोटभर बर्फ जमला असेल तर तो वितळवा. तो बर्फ गारवा अडवून धरतो.

शेवटी भरणा. कार्यक्रमाच्या दिवशी कोल्ड्रिंकच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, केक आणि काड्या सगळं एकत्र कोंबलं की आत हवा फिरायला जागा उरत नाही. त्यात पाहुण्यांसाठी दर पाच मिनिटांनी दार उघडतं. बाटल्या बर्फाच्या टबात हलवा, फ्रिज फक्त काड्या आणि दुधासाठी ठेवा. एवढ्या एका बदलानं मी बरेच ‘बिघडलेले’ फ्रिज सुधारताना पाहिले आहेत.

वीज गेली तर दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास थंड राहतो. त्याहून जास्त वेळ गेली असेल तर पनीर आणि कापलेली फळं काढून टाका.

बर्फाची पेटी

फ्रिज अपुरा पडत असेल तर थर्माकोलची पेटी आणि बर्फ. तळाशी बर्फ, वर जाळी किंवा उलटी ताटली, त्यावर घट्ट झाकणाचे डबे, डब्यांवर पुन्हा बर्फ. फक्त तळाशी बर्फ ठेवला तर वरचे डबे कोमट होतात. काड्या बर्फाला थेट लागू देऊ नका. लादीचा बर्फ आणत असाल तर त्याचा रंग बघा: महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळण्याचा नियम आहे. तसा बर्फ डब्यांच्या बाहेर गारव्यासाठी चालेल, सरबतात किंवा अन्नाला लागेल असा अजिबात नाही. पेटीतही थर्मामीटर ठेवा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

फ्रिजचं सगळं करून झालं तरी दुपारचं तापमान आठ अंशांच्या खाली येत नाही, कॉम्प्रेसर टिकटिक करून बंद पडतो, सतत चालूच राहतो, किंवा मागच्या नळीजवळ तेलकट डाग दिसतो, तर पुढे हात घालू नका. गॅस, कॉम्प्रेसर आणि वायरिंग ही मेकॅनिकची कामं आहेत. घरात दिवे मंदावत असतील तर आधी व्होल्टेज तपासून घ्या. उन्हाळ्यात कमी दाबामुळे कॉम्प्रेसर धापा टाकतो आणि स्टॅबिलायझरनं काम भागू शकतं. मेकॅनिकला कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी बोलवा, मे महिन्यात त्यांचा दिवस मिळत नाही.

पाहुणे पन्नासच्या वर असतील आणि घरात एकच फ्रिज असेल तर थंड काड्या घरी करू नका, केटररला द्या. माणशी तीन-चार काड्या धरल्या तरी दीडशे-दोनशे होतात, तेवढ्या एका घरगुती फ्रिजमध्ये पाच अंशांवर राहूच शकत नाहीत. केटररला विचारा की काड्या कशातून आणणार, किती वाजता टोचणार, आणि अन्न परवाना आहे का. ‘सकाळीच तयार करून ठेवतो, काळजी नको’ असं उत्तर आलं तर दुसरा केटरर बघा. कच्च्या अंड्याचं मेयोनीज आणि चिकनच्या काड्या या उन्हात घरी आधी करून ठेवूच नका. चिकन सकाळी अर्धवट शिजवून संध्याकाळी पुन्हा भाजायचं, ही पद्धत तर फार धोक्याची आहे.

आणि खाल्ल्यानंतर कोणाला उलट्या-जुलाब सुरू झाले तर घरगुती उपायांची हद्द छोटी आहे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, छोटा चमचा धरून, घोट घोट देत राहा. शौचातून रक्त, १०२ च्या वर ताप, पाणीही पोटात न टिकणं, लघवी बंद होणं, ग्लानी, यातलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना, रुग्णवाहिकेसाठी १०८. लहान मूल, म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई असेल तर ही लक्षणं दिसायची वाट पाहू नका. डॉक्टरांना काय खाल्लं, किती वाजता खाल्लं आणि आणखी कोणाला त्रास होतोय हे तिन्ही सांगा.